चर्च आणि लघुव्यवसाय यांच्या संकेतस्थळांची परिणामकारकता : कळमेश्वर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : चर्च व लघुव्यवसाय या दोन्ही संस्था मर्यादित मनुष्यबळावर व अल्प खर्चात चालतात. त्यांची संकेतस्थळे बहुधा सजावटीच्या अंगाने तयार होतात आणि पुढे दुर्लक्षित राहतात. संकेतस्थळाची परिणामकारकता अभ्यागताच्या पहिल्या प्रश्नास त्याच्या भाषेत अचूक व ताजे उत्तर मिळण्यावर, तसेच संकेतस्थळाची मालकी संस्थेकडेच राहण्यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : संकेतस्थळ, लघुव्यवसाय, चर्च, युनिकोड, डोमेन नाव, अद्ययावतता.

प्रस्तावना

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत निर्माण केलेले वर्ल्ड वाईड वेब १९९१ मध्ये जगासमोर आले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरच्या तीन दशकांत संकेतस्थळ ही मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातील कृषी केंद्र, रोपवाटिका, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप किंवा चर्च यांनाही आज अत्यल्प खर्चात स्वतःचे संकेतस्थळ उभारता येते. उभारणी सुलभ झाली म्हणून उपयोग वाढतोच असे मात्र नाही. पहिल्या उत्साहात तयार झालेले आणि नंतर वर्षानुवर्षे कोणीही न उघडलेले संकेतस्थळ हा सार्वत्रिक अनुभव आहे.

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बोलके ठिकाण आहे. नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरील हे तालुक्याचे गाव एकीकडे संत्रा उत्पादक पट्ट्याशी व दुसरीकडे औद्योगिक वसाहतीशी जोडलेले आहे. पोलादी पत्र्यांवर जस्ताचा व रंगाचा थर देणाऱ्या मोठ्या कारखान्यापासून जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपपर्यंत सर्व प्रकारचे उद्योग अशा वसाहतीच्या आधाराने चालतात. नागपूर शहर जवळ असल्याने येथील ग्राहकाला, तसेच उपासकालाही, पर्याय सहज उपलब्ध आहेत. मोबाईलवर माहिती मिळाली नाही तर तो नागपूर गाठतो. जवळच्या शहराची ही ओढ सोसणाऱ्या गावातील संस्थांना संकेतस्थळाचा नेमका काय उपयोग होऊ शकतो, याचे विवेचन येथे केले आहे.

संकल्पना स्पष्टीकरण

लघुव्यवसाय ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र शासनाच्या निकषांनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी रुपयांपर्यंतचा उद्योग लघु मानला जातो. तालुकास्तरावरील बहुसंख्य व्यवसाय सूक्ष्म गटातच मोडतात. चर्च या संज्ञेत कॅथलिक धर्मग्राम तसेच प्रोटेस्टंट मंडळी अशा दोहोंचा समावेश आहे.

वरकरणी भिन्न वाटणाऱ्या या दोन संस्थांचा विचार एकत्र करण्याचे कारण त्यांच्या समान परिस्थितीत आहे. दोहोंकडे स्वतंत्र माहिती तंत्रज्ञान विभाग नसतो. संकेतस्थळाचे काम एखाद्या नातेवाईकाकडे, मंडळीतील उत्साही तरुणाकडे किंवा बाहेरच्या कारागिराकडे सोपविले जाते. दोहोंचे कार्य परिचय आणि विश्वास यांवर चालते. तसेच दोहोंकडे येणारा नवा माणूस प्रत्यक्ष येण्यापूर्वी दुरूनच चौकशी करू इच्छितो. दोहोंमधील भेदही महत्त्वाचा आहे. व्यवसायाचे यश विक्रीत मोजता येते. चर्चचे कार्य तसे मोजता येत नाही. म्हणून परिणामकारकतेची व्याख्या दोघांनाही लागू पडेल अशी हवी. अभ्यागत ज्या प्रश्नासाठी आला त्याचे खरे उत्तर त्याला अल्प वेळात मिळणे आणि पुढचे पाऊल कोणते हे त्याला कळणे, म्हणजे संकेतस्थळाची परिणामकारकता होय.

अभ्यागताचे प्रश्न आणि संकेतस्थळाचा मजकूर

संकेतस्थळावरील वाचन पुस्तकाच्या वाचनाहून वेगळे असते. उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या चाचणीतील ७९ टक्के वापरकर्ते नवे पान केवळ चाळत होते. शब्दन् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के होते. मोबाईलच्या लहान पडद्यावर ही घाई कमी होण्याचे काही कारण नाही. असे असूनही अनेक संकेतस्थळांच्या पहिल्या पानावर ‘आपले हार्दिक स्वागत आहे’ हे वाक्य, संस्थापकांचे छायाचित्र व संस्थेचे ध्येय एवढेच आढळते. संस्थेला स्वतःविषयी जे सांगावेसे वाटते आणि अभ्यागताला जे विचारायचे असते, यांतील हे अंतर हाच निष्प्रभतेचा पहिला स्रोत आहे.

चर्चच्या बाबतीत प्रश्न ठराविक आहेत. रविवारची उपासना किंवा मिस्सा किती वाजता असते? ती मराठीत, हिंदीत की इंग्रजीत? नाताळ, उत्तम शुक्रवार व पुनरुत्थान रविवार यांच्या वेळा कोणत्या? बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला हवा असल्यास कोणास, केव्हा भेटावे आणि सोबत कोणती कागदपत्रे आणावीत? घरात मृत्यू झाल्यास कोणता दूरध्वनी लावावा? शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनःस्थितीचा विचार केला, तर तो क्रमांक पहिल्या पानावरच असला पाहिजे हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

भाषेचा प्रश्न नागपूर परिसरात विशेष महत्त्वाचा आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून शहरात उभे आहे. तेव्हापासून मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या संगमावर येथील ख्रिस्ती समाज वाढला. औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त परप्रांतांतून येणाऱ्या कुटुंबांमुळे ही बहुभाषिकता वाढते. उपासनेची भाषा न सांगता केवळ वेळ सांगणे हे अशा ठिकाणी अर्धेच उत्तर ठरते.

व्यवसायाच्या बाबतीत प्रश्न धंद्यानुसार बदलतात. संत्र्याची कलमे घेऊ इच्छिणारा शेतकरी कलम कोणत्या खुंटावर बांधले आहे, जंभेरीवर की रंगपूर लाईमवर, ते किती वयाचे आहे, मातृवृक्ष कोठला आणि रोपवाटिकेला परवाना आहे काय, हे विचारतो. संत्र्याचा दूरचा खरेदीदार आंबिया बहाराचा माल केव्हा निघेल व मृगाचा केव्हा, प्रतवारी कशी केली जाते आणि भरणी कोठे होते, हे जाणू इच्छितो. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यामुळे मालाच्या मूळ स्थानाविषयीचा प्रश्नही आता व्यापारी महत्त्वाचा झाला आहे. वर्कशॉपकडे येणारा कारखान्याचा खरेदी अधिकारी लेथ किती लांबीची, वजन किती पेलते, टेस्ट सर्टिफिकेट मिळेल काय आणि कोटेशन किती दिवसांत मिळेल, एवढेच पाहतो. ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ या वाक्याने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

संकेतस्थळाचा मजकूर ठरविण्याची साधी पद्धत यातून निष्पन्न होते. महिनाभर दुकानात, कार्यालयात अथवा पाळकांच्या दूरध्वनीवर विचारले गेलेले प्रश्न वहीत उतरवावेत. जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरे त्याच क्रमाने पहिल्या पानावर द्यावीत. संस्थेचा इतिहास, पदाधिकारी व छायाचित्रे यांना दुसऱ्या पानावर जागा आहेच.

मराठी मजकूर आणि शोधयंत्रे

मराठी संकेतस्थळांच्या वाटचालीत लिपीच्या संकेतनाचा प्रश्न मूलभूत ठरला. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असे. संगणकात प्रत्यक्षात रोमन अक्षरांची सांकेतिक चिन्हे साठविली जात व फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पान निरर्थक अक्षरांनी भरून जाई. शोधयंत्रालाही त्या पानावर ‘संत्रा’ हा शब्द सापडत नसे, कारण संकेतनाच्या पातळीवर तो शब्द तेथे नसेच. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश झाला होता. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टच्या रूपाने तिचा वापर सुलभ झाला. तरीही छपाईसाठी तयार केलेला जुन्या फॉन्टमधील मजकूर तसाच संकेतस्थळावर चढविण्याची सवय दीर्घकाळ टिकली.

आज या दोषाने नवे रूप धारण केले आहे. उपासनेचे वेळापत्रक किंवा दरपत्रक सुंदर चित्राच्या रूपात तयार करून तेच चित्र संकेतस्थळावर लावले जाते. माणसाला ते वाचता येते. परंतु चित्रातील अक्षरे म्हणजे मजकूर नव्हे. शोधयंत्र ती वाचेलच याची खात्री नसते, दृष्टिबाधितांच्या वाचन-आज्ञावलीस पर्यायी मजकुराविना ती कळत नाहीत आणि मोठे केल्याशिवाय मोबाईलवर ती दिसत नाहीत. अलीकडे शोधयंत्रे पानांची यादी देण्याऐवजी स्वतःच उत्तर तयार करून देऊ लागली आहेत. अशा वेळी जो मजकूर यंत्राला वाचता येत नाही तो उत्तरात येण्याची शक्यता क्षीण होते. म्हणून वेळ, पत्ता व दर ही माहिती युनिकोड मजकुरातच असावी; चित्र हवे असल्यास ते सोबत द्यावे.

गावाच्या नावाचा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. मराठी भाषक ‘कळमेश्वर’ लिहितो, हिंदी भाषक ‘कलमेश्वर’ लिहितो, तर रोमन लिपीत हे नाव एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते. संकेतस्थळाच्या शीर्षकात व पत्त्यात प्रमाण रूप ठेवून अन्य रूपांचा उल्लेख मजकुरात स्वाभाविकपणे एकदा केला, तर वेगवेगळ्या भाषकांना पान सापडू शकते. संस्थेचे नाव, पत्ता व दूरध्वनी हे तिन्ही संकेतस्थळावर, गुगलच्या नकाशावरील नोंदीत आणि समाजमाध्यमांवर एकसारखे असणे त्याहूनही आवश्यक आहे. एका ठिकाणी जुना क्रमांक व दुसऱ्या ठिकाणी नवा क्रमांक असेल, तर ग्राहकाचा दोहोंवरचा विश्वास उडतो.

वेग आणि मोबाईलचा विचार

संकेतस्थळ तयार करणारा ते कार्यालयातील संगणकावर पाहतो; अभ्यागत ते बसस्थानकावर उभा राहून मोबाईलवर पाहतो. या फरकाचा परिणाम अंकांत दाखविता येतो. पहिल्या पानावर ५ मेगाबाईटचे एक छायाचित्र असेल आणि जोडणीचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर एका बाईटमध्ये आठ बिट या हिशेबाने ते उतरण्यास सुमारे २० सेकंद लागतात. तेच छायाचित्र १५० किलोबाईटपर्यंत लहान केल्यास एका सेकंदाहून कमी वेळ पुरतो. डोळ्यांना जाणवणारा फरक अत्यल्प असतो. प्रतीक्षेतील फरक मात्र अभ्यागत थांबतो की निघून जातो हे ठरवितो.

गुगलने २०२३ मध्ये संकेतस्थळांची नोंद मुख्यत्वे त्यांच्या मोबाईल रूपावरून घेण्याच्या धोरणाचे संक्रमण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्यामुळे मोबाईलवरील रूप आता दुय्यम मानता येत नाही. दूरध्वनी क्रमांक स्पर्श करताच लागावा, पत्ता स्पर्श करताच नकाशा उघडावा आणि अक्षरे न वाढविता वाचता यावीत, या तीन अपेक्षा किमान समजाव्यात. तद्वतच पानाचा पत्ता सुरक्षित जोडणीचा असावा. जुलै २०१८ पासून क्रोम न्याहाळक असुरक्षित जोडणीच्या संकेतस्थळापुढे तशी सूचना दर्शवू लागला. चर्चच्या किंवा दुकानाच्या नावापुढे ‘असुरक्षित’ हा शब्द दिसणे विश्वासास बाधक आहे. लेट्स एनक्रिप्टसारख्या संस्थेकडून हे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते.

मालकीचा प्रश्न

परिणामकारकतेच्या चर्चेत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग मालकीचा आहे. गुगलने लघुव्यवसायांना आपल्या व्यवसाय नोंदीतून विनामूल्य एकपानी संकेतस्थळ तयार करण्याची सोय २०१७ मध्ये दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती संकेतस्थळे बंद करण्यात आली व १० जून २०२४ पर्यंतच जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना व्यवसाय नोंदीकडे वळविण्याची व्यवस्था राहिली. ज्यांनी तोच पत्ता पावतीपुस्तकावर, पाटीवर व मालाच्या पेट्यांवर छापला होता, त्यांच्यासाठी तो पत्ता निरुपयोगी झाला. त्यापूर्वी २००९ मध्ये जिओसिटीजची व २०१४ मध्ये ऑर्कुटची गतही अशीच झाली होती. विनामूल्य सेवा वापरू नये असा याचा अर्थ नव्हे. आपला कायमचा पत्ता मात्र आपल्या स्वतःच्या डोमेन नावावर असावा. म्हणजे सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. भारताचे डॉट इन हे डोमेन २००५ पासून सर्वांसाठी खुले झाले असून ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतील डॉट भारत हे डोमेनही उपलब्ध आहे.

डोमेन नाव घेतले म्हणजे प्रश्न संपत नाही. ते कोणाच्या नावे नोंदले गेले, हा खरा प्रश्न आहे. संकेतस्थळ तयार करणाऱ्या कारागिराने ते स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेलवर नोंदविले असेल, तर कायदेशीर व व्यावहारिक ताबा त्याच्याकडे राहतो. तो गाव सोडून गेला अथवा वार्षिक शुल्क भरावयास विसरला, तर संस्थेचे नाव बाजारात दुसऱ्यास उपलब्ध होते. दुकानाची जागा घेताना सात-बारा किंवा भाडेकरार तपासणारा व्यावसायिक डोमेनच्या बाबतीत मात्र निर्धास्त असतो. म्हणून डोमेन संस्थेच्या नावे व संस्थेच्या ई-मेलवर असावे, परवलीचे शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावेत आणि नूतनीकरणाची तारीख इतर देयकांसोबत नोंदलेली असावी. चर्चमध्ये पाळकांची किंवा धर्मगुरूंची बदली होत असल्याने ही माहिती हस्तांतरणाच्या यादीत नोंदवह्यांइतक्याच काळजीने समाविष्ट व्हावी.

अद्ययावतता

जुनी माहिती ही माहितीच्या अभावापेक्षा अधिक हानिकारक असते. माहिती नसेल तर अभ्यागत दूरध्वनी करतो. चुकीची माहिती असेल तर तो थेट येतो आणि परत जातो. पुनरुत्थान रविवारची तारीख दरवर्षी बदलते. तो २०२४ मध्ये ३१ मार्चला, २०२५ मध्ये २० एप्रिलला आणि २०२६ मध्ये ५ एप्रिलला आला. वर्ष न लिहिता केवळ ‘३१ मार्च’ असे ठेवलेले पान पुढील वर्षी दिशाभूल करते. संत्र्याच्या हंगामातील दरपत्रकाचेही तसेच आहे.

यावर उपाय तंत्रज्ञानाचा नसून कार्यविभागणीचा आहे. बदलणारी व न बदलणारी माहिती वेगळी करावी. बदलणारी माहिती शक्य तितकी थोडी व एकाच पानावर ठेवावी. तिच्याखाली ‘अखेरचा बदल’ म्हणून दिनांक द्यावा आणि ती बदलण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. जे ताजे ठेवता येणार नाही ते सुरूच करू नये. मराठी ख्रिस्ती समाजाला नियतकालिकाची शिस्त अपरिचित नाही. अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये सुरू केले होते. नियतकालिकाचा अंक ठरलेल्या दिवशी निघावा लागतो. संकेतस्थळाला अशी बाह्य मुदत नसते, म्हणून ती स्वतःहून घालून घ्यावी लागते.

विश्वास आणि कायदेशीर दक्षता

संकेतस्थळावरील काही त्रुटी गैरसोयीपुरत्या राहत नाहीत. चर्चच्या पानावर देणगीसाठी खुला दुवा किंवा क्यूआर कोड ठेवताना परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लक्षात घ्यावा लागतो. या कायद्याखालील नोंदणी अथवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेस परकीय स्रोताकडून देणगी स्वीकारता येत नाही, आणि २०२० मधील दुरुस्तीनंतर अशी रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशिष्ट खात्यातच प्रथम घ्यावी लागते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय अंशदान ठरत नाही. परंतु परकीय नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी तशी ठरू शकते. हा भेद दुव्याशेजारी स्पष्ट शब्दांत लिहिणे हिताचे आहे.

लहान मुलांची छायाचित्रे नावांसह प्रसिद्ध करणे, आजारी सदस्यांची नावे प्रार्थनेच्या यादीत सर्वांना दिसतील अशी ठेवणे, किंवा ग्राहकांचे क्रमांक उघड करणे या गोष्टी सद्हेतूने घडतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. कायद्याचा प्रत्येक तपशील लागू होवो वा न होवो, मंडळीत सांगितलेली गोष्ट जगाला सांगण्यापूर्वी संबंधितांना विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. जे व्यावसायिक संकेतस्थळावरूनच विक्री करतात त्यांना ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील ठळकपणे द्यावा लागतो.

मूल्यमापन

संकेतस्थळाला किती लोकांनी भेट दिली हा आकडा सहज मिळतो, परंतु तो फारसे काही सांगत नाही. त्याऐवजी दोन नोंदी ठेवाव्यात : नव्या व्यक्तीस आपली माहिती कोठून मिळाली, आणि संकेतस्थळावर असलेल्या माहितीसाठीच किती जणांनी दूरध्वनी केला. दुसरी संख्या मोठी असेल तर माहिती आहे, पण सापडत नाही, असा अर्थ निघतो. नील्सन यांनीच २००० मध्ये दाखवून दिले की, पाच व्यक्तींसह केलेल्या साध्या चाचणीतून बहुतांश दोष उघड होतात. एखादा शेतकरी, एखादी ज्येष्ठ गृहिणी, एखादा विद्यार्थी यांच्या हाती मोबाईल देऊन ‘येत्या रविवारची मराठी उपासना किती वाजता आहे, ते शोधा’ एवढेच सांगावे व मध्ये न बोलता पाहावे. या चाचणीस खर्च येत नाही. अहंकार बाजूला ठेवण्याची तयारी मात्र लागते.

निष्कर्ष

१. संकेतस्थळाची परिणामकारकता सजावटीपेक्षा अभ्यागताच्या नेमक्या प्रश्नांची उत्तरे देण्यावर अवलंबून असते.
२. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असणे ही शोधयंत्राला सापडण्याची पूर्वअट आहे. चित्रातील मजकूर तिची जागा घेऊ शकत नाही.
३. हलकी छायाचित्रे, सुरक्षित जोडणी व मोबाईलसुलभ रचना या अल्प खर्चात साध्य होणाऱ्या सुधारणा आहेत.
४. डोमेन नावाची मालकी संस्थेकडे नसल्यास संकेतस्थळावरील सर्व श्रम दुसऱ्याच्या हाती राहतात.
५. अद्ययावत ठेवता येईल एवढीच माहिती देणे हे विस्तृत पण शिळ्या माहितीपेक्षा श्रेयस्कर आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, येथे सुचविलेल्या बहुतेक सुधारणांना मोठा निधी लागत नाही. लागते ती नेटकी मराठी, थोडे तांत्रिक ज्ञान आणि विचारपूस करण्याची सवय. या तिन्ही गोष्टी महाविद्यालयात उपलब्ध आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग व कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. वाणिज्य, संगणकशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील एका रोपवाटिकेचे, एका वर्कशॉपचे व एका प्रार्थनास्थळाचे संकेतस्थळ तपासण्याचा प्रकल्प विद्यार्थ्यांना दिला, तर संस्थेस सुधारित पान मिळेल आणि विद्यार्थ्यास आपले ज्ञान गावात उपयोगी पडते याचा प्रत्यय येईल. मात्र प्रकल्प संपताना सर्व परवलीचे शब्द संस्थेच्या स्वाधीन झाले आहेत, याची खातरजमा मार्गदर्शक प्राध्यापकांनी करावी. अन्यथा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन जाईल आणि संस्थेच्या दाराची किल्लीही त्याच्यासोबत जाईल.